हायड्रंटचा रंग आणि पाण्याचा भरवसा

अमेरिकेत उन्हाळा लागला की अनेक गावांमध्ये रस्त्याकडेचे फायर हायड्रंट रंगवण्याची मोहीम निघते. गावाचं अग्निशमन दल किंवा पाणीपुरवठा विभाग रंगाचे डबे आणि ब्रश देतो. स्काउटची मुलं, चर्चमधली मंडळी, शाळांचे गट, निवृत्त माणसं आपापल्या भागातले हायड्रंट वाटून घेतात आणि सुट्टीच्या दिवशी कामाला लागतात. या उपक्रमाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एका बाजूला लोकसहभागाचं कौतुक असतं: माणसं घराबाहेर पडतात, शेजाऱ्यांची ओळख होते, गल्ली नीटनेटकी दिसते. दुसऱ्या बाजूला असा आक्षेप असतो, की ही वरवरची रंगरंगोटी आहे, तिने आग विझत नाही. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे हायड्रंटवरचा रंग ही सजावट आहे. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. हायड्रंटवरचा रंग ही माहिती आहे आणि ती घाईत, अंधारात, धुरात वाचली जाते. म्हणून या उपक्रमाची किंमत किती हायड्रंट रंगले यावरून ठरत नाही. रंगाने सांगितलेली गोष्ट खरी आहे की नाही, यावरून ठरते. तपासणीला जोडलेली रंगकामाची मोहीम लोकांनी शहराला दिलेली मोठी मदत असते. तपासणीशिवायची मोहीम प्रसंगी घातकही ठरू शकते.

हे समजण्यासाठी आधी हायड्रंटचं काम पाहायला हवं. रस्त्यावर दिसणारा लोखंडी खांब हा त्या यंत्रणेचा केवळ वरचा भाग. थंड प्रदेशांत वापरल्या जाणाऱ्या ‘ड्राय बॅरल’ प्रकारात पाण्याची मुख्य झडप जमिनीखाली, माती गोठते त्या थराच्याही खाली असते. डोक्यावरचा पंचकोनी नट पान्याने फिरवला की आतला लांब दांडा ती झडप उघडतो आणि पाणी वर चढतं. बंद केल्यावर खांबात उरलेलं पाणी तळाच्या बारीक छिद्रातून मातीत निचरून जातं. ते तसंच राहिलं तर हिवाळ्यात गोठून खांब फोडील. कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागात ‘वेट बॅरल’ हायड्रंट असतात, त्यांच्यात पाणी वरपर्यंत भरलेलंच असतं. आता आगीच्या ठिकाणी पोचलेल्या बंबाचा हिशोब मांडून पाहू. अनेक बंबांच्या टाकीत ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी असतं. एकच होज मिनिटाला १५० गॅलनने चालवली, तर ही टाकी साडेतीन मिनिटांच्या आतच रिकामी होते. तेवढ्या अवधीत हायड्रंट सापडायला हवा, झाकण निघायला हवं, होज जोडली जायला हवी आणि आलेलं पाणी पुरेसं असायला हवं. यांपैकी हायड्रंट शोधणं आणि त्यातून किती पाणी मिळेल याचा अंदाज घेणं, या दोन्ही गोष्टींत रंग मदत करतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएफपीएच्या, २९१ क्रमांकाच्या शिफारशीत ही रंगांची भाषा ठरवलेली आहे. सार्वजनिक हायड्रंटचा खांब क्रोम पिवळा असावा. डोक्यावरचा टोप आणि तोट्यांची झाकणं मात्र त्या हायड्रंटच्या क्षमतेनुसार रंगवावीत. मिनिटाला १,५०० गॅलन, म्हणजे सुमारे ५,७०० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी देणाऱ्याला फिकट निळा. १,००० ते १,४९९ गॅलनला हिरवा. ५०० ते ९९९ गॅलनला नारिंगी. आणि ५०० गॅलनच्या खाली लाल. हे आकडे जलवाहिनीत किमान २० पीएसआय दाब शिल्लक राहील, या अटीवर मोजलेले असतात. त्यासाठी एका हायड्रंटवर दाबमापक बसवतात, शेजारचा हायड्रंट पूर्ण उघडतात आणि बाहेर पडणाऱ्या धारेत पिटो नळी धरून वेग मोजतात. शिफारस बंधनकारक नाही आणि अनेक शहरांनी आपापल्या जुन्या पद्धती राखल्या आहेत. पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, आणि अंधार पडत जातो तसा लाल रंग काळपट दिसू लागतो. स्टीफन सॉलोमन आणि जेम्स किंग यांनी १९९५ मध्ये डॅलसमधल्या बंबांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाल बंबांपेक्षा लिंबोणी पिवळ्या बंबांना अपघाताचा धोका कमी असल्याचं त्यात दिसलं. रंगाची निवड जिवाशी निगडित असू शकते, ती अशी.

ही भाषा प्रत्येक गल्लीने आपापली ठरवू नये, सगळीकडे सारखी असावी, याचा धडा अमेरिकेने फार महागात घेतला आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोरच्या व्यापारी भागात आग भडकली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून कुमक आली. पण अनेक दलांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटच्या आट्यांशी जुळेनात. पाणी होतं, माणसं होती, पंप होते, आणि तरीही मदतीला आलेल्यांना हायड्रंटला होज जोडता येत नव्हती. तीस तासांहून अधिक काळ चाललेल्या त्या आगीत दीड हजारांवर इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी होजच्या जोडांसाठी राष्ट्रीय मानक आलं, त्यामागे हा अनुभव होता. रंगाला हाच न्याय लागू पडतो. मोठ्या आगीत शेजारच्या गावांचे बंब मदतीला येतात. स्थानिक जवानाला कुठल्या कोपऱ्यावर जोमदार पाणी आहे ते तोंडपाठ असेल. शेजारच्या गावातून आलेल्याला ते टोपाच्या रंगावरूनच कळणार. त्यामुळे एखाद्या हौशी गटाने लाल टोपाच्या, म्हणजे कमी पाण्याच्या, हायड्रंटला दिसायला छान म्हणून निळा टोप दिला, तर तो गट नकळत चुकीची माहिती लिहून ठेवतो. फिकट पडलेला, पोपडे निघालेला टोप पाहणाऱ्याला निदान आपल्याला काही ठाऊक नाही हे कळतं. ताज्या, चकचकीत, पण खोट्या रंगावर तो विसंबतो.

म्हणूनच रंगकामाची प्रत्यक्ष कृती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण काम चांगलं झालं की वाईट, ते बारीकसारीक गोष्टींत ठरतं. आधी तारेच्या ब्रशने गंज आणि सुटलेले पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची. जुना हायड्रंट असेल तर खालच्या थरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता धरायची. तो कोरडा खरवडून उडवणं मुलांच्या हाती द्यायचं काम नाही, ते विभागानेच करायला हवं. मग तोट्यांचे आटे, झाकणांच्या साखळ्या आणि डोक्यावरचा नट कागदी चिकटपट्टीने झाकायचा. आट्यांत रंग शिरला की झाकण जागच्या जागी धरून बसतं, आणि ऐन वेळी जवानाला पान्यावर हातोडा मारत बसावं लागतं. नटावर थरावर थर चढले की त्याच्या पाच कडा गोलसर होतात आणि पाना घसरतो. त्यानंतर प्रायमर, तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि वर्षभरात रंग सुटतो. शेवटी टोप आणि झाकणं विभागाने यादीत दिलेल्या रंगात रंगवायची, आपल्या आवडीच्या नव्हे. या सगळ्यात स्वयंसेवक त्या हायड्रंटपाशी तास-दोन तास बसलेला असतो. झाकण हलत नाही, साखळी तुटली आहे, बुडाशी सतत ओल आहे, भोवती झुडूप वाढलं आहे, तोटी रस्त्याऐवजी भिंतीकडे वळलेली आहे, हे सारं त्याला दिसतं. माझ्या मते त्याने दिलेल्या रंगापेक्षा त्याची ही नोंद जास्त मोलाची आहे.

जलवाहिन्यांच्या देखभालीचे संकेत सांगतात की प्रत्येक हायड्रंट वर्षातून निदान एकदा तपासावा, आणि कडाक्याच्या थंडीच्या भागात दोनदा. अग्निसंरक्षणाच्या विमा-गुणांकनातही याला स्पष्ट स्थान आहे. इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस, म्हणजे आयएसओ, गावांना १ ते १० अशी श्रेणी देतं. त्यासाठीच्या १०५.५ गुणांपैकी ४० गुण पाणीपुरवठ्याचे असतात. त्यांतले ३ हायड्रंटच्या आकार, प्रकार आणि बसवणीला, तर ७ तपासणी आणि प्रवाह-चाचणीला मिळतात. हायड्रंट कसा आहे यापेक्षा तो तपासला जातो का, याला दुपटीहून अधिक वजन दिलेलं आहे. पण हजारो हायड्रंट आणि मोजकं मनुष्यबळ असलेल्या विभागाला प्रत्येक खांबापाशी वेळेवर पोचणं अवघड जातं. स्वयंसेवकाने झडप उघडू नये. चुकीच्या तऱ्हेने झटकन बंद केलेली झडप जलवाहिनीला धक्का देऊन फोडू शकते. मात्र दहा ओळींचा छापील तक्ता भरून तो विभागाला सांगू शकतो की आधी कुठे जा. तपासणीची रांग नीट लागणं, हेही फार मोठं काम आहे.

लोक हे काम खरोखर करतात का, की पहिल्या उत्साहानंतर सगळं थंडावतं, ही शंका रास्त आहे. बोस्टनमध्ये मोठ्या हिमवर्षावानंतर हायड्रंट बर्फाखाली गडप होतात. ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेच्या तरुण प्रोग्रॅमरनी तिथे एक साधं संकेतस्थळ उभारलं: नकाशावरचा जवळचा हायड्रंट दत्तक घ्या, त्याला नाव द्या, बर्फ पडला की तो उकरून मोकळा करा. ही कल्पना पुढे होनोलुलूने त्सुनामीच्या भोंग्यांसाठी उचलली, कारण तिथे भोंग्यांच्या बॅटऱ्या चोरीला जात होत्या आणि कुणीतरी त्या वेळोवेळी पाहायला हव्या होत्या. काम छोटं, जागा ठरलेली, जबाबदारी एका माणसाची आणि परिणाम डोळ्यांसमोर, अशी रचना असल्यामुळे ही कल्पना दुसऱ्या शहरात, दुसऱ्या गरजेला लावता आली. रंगकामाच्या मोहिमेलाही हाच नियम लागू आहे. ‘या रविवारी शंभर हायड्रंट रंगवू’ म्हणणाऱ्या गटापेक्षा ‘या कोपऱ्यावरचा हायड्रंट वर्षभर माझा’ म्हणणारी शंभर माणसं अधिक उपयोगी पडतात.

मग चित्रांचं काय? १९७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा गावोगावी हायड्रंटवर क्रांतियुद्धातले शिपाई रंगवले गेले. आजही अनेक ठिकाणी मुलं त्यांवर प्राणी, फुलं, ठिपकेवाले डाल्मेशियन कुत्रे काढतात. चित्रांच्या बाजूने सांगितलं जातं की मुलांना हायड्रंट कुठे आहे ते कळतं, लोक तो झाकत नाहीत आणि त्याच्यापुढे गाडी लावायला कचरतात. यात तथ्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोत तर रंगाने एका हायड्रंटला स्मारकच केलं आहे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर शहराच्या जलवाहिन्या फुटल्या आणि आगीपुढे हायड्रंट कोरडे पडले. डोलोरेस पार्कजवळ, विसाव्या रस्त्याच्या आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रंट मात्र चालू होता. चढावर घोडे थकले, तेव्हा लोकांनी हातांनी बंब वर नेले आणि त्या पाण्याने मिशन भागाचा मोठा हिस्सा वाचला. दरवर्षी १८ एप्रिलच्या पहाटे लोक जमून तो हायड्रंट सोनेरी रंगवतात. तो सोनेरी झाला, कारण त्याने पाणी दिलं. आधी काम आणि मग मान, हा क्रम तिथे पाळला गेला आहे. त्यामुळे चित्रांना सरसकट बंदी घालायचं कारण नाही. खांबावर चित्र काढू द्यावं. टोप आणि झाकणं मात्र क्षमतेच्या रंगातच ठेवावीत, आणि खांब झाडीत मिसळून जाईल असा हिरवा-तपकिरी रंग कुणालाही वापरू देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हायड्रंट सांभाळणं हे कर घेणाऱ्या नगरपालिकेचं काम. ते फुकट करून घेतलं तर पगारी माणसं कमी होतील आणि प्रशासनाला अंग काढून घ्यायला वाव मिळेल. हा धोका खरा आहे आणि त्याचा बंदोबस्त उपक्रमाच्या रचनेतच करायला हवा. प्रवाह-चाचणी, झडपांची दुरुस्ती, वंगण, निकामी हायड्रंट बदलणं ही कामं प्रशिक्षित, पगारी माणसांचीच राहिली पाहिजेत, आणि स्वयंसेवकांनी भरलेल्या तक्त्यांवर काय कारवाई झाली ते विभागाने जाहीर करायला हवं. तेवढी अट पाळली, तर लोकांच्या सहभागाने प्रशासनाची जबाबदारी कमी होत नाही. ती वाढते, कारण बिघाड आता नोंदलेला असतो आणि नोंदवणारा शेजारीच राहत असतो. शिवाय अमेरिकेत स्वयंसेवा आणि अग्निशमन यांचं नातं फार जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात १७३६ मध्ये ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली ती स्वयंसेवकांच्या बळावर, आणि आजही त्या देशातले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. जिथे आगीत शिरणारा माणूस स्वयंसेवक असू शकतो, तिथे हायड्रंट रंगवणाऱ्याच्या स्वयंसेवेवर हरकत घेणं टिकत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. आता बंबात टॅब्लेट असतो, नकाशावर प्रत्येक हायड्रंट आणि त्याची क्षमता दिसते. मग टोपाचा रंग कशाला? याचं उत्तर असं, की नकाशातला आकडा आणि टोपाचा रंग एकाच चाचणीतून येतात. चाचणी जुनी असेल तर दोन्ही खोटे, ताजी असेल तर दोन्ही खरे. आणि वीज गेली, नेटवर्क कोलमडलं, किंवा मदतीला आलेल्या गावाच्या बंबात हा नकाशाच नसला, तर रंग तेवढा उरतो. मात्र रंगाची मर्यादाही मोकळेपणाने मान्य करायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातल्या वणव्यात उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले. त्या भागाला पाणी देणाऱ्या सुमारे दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या रिकाम्या झाल्या, कारण मागणी पंधरा तास नेहमीच्या चौपट होती. शहरी जलव्यवस्था घरांना लागणाऱ्या आगीच्या हिशोबाने बांधलेली असते, डोंगरच्या डोंगर पेटण्याच्या हिशोबाने नाही. चाचणीच्या दिवशी एका हायड्रंटने दिलेलं पाणी वेगळं, आणि शेकडो हायड्रंट एकदम उघडल्यावर मिळणारं वेगळं. निळा टोप टाकी भरू शकत नाही. म्हणून हायड्रंटची काळजी घेणाऱ्या नागरिकाने टाक्या, पंप आणि जलवाहिन्यांच्या अंदाजपत्रकाबद्दलही प्रश्न विचारले पाहिजेत. खांबाशी जडलेलं नातं तिथवर पोचलं, तरच या उपक्रमाचं सार्थक झालं.

आपल्या महाराष्ट्राच्या संदर्भात हाच मुद्दा अधिक टोकदार होतो. हायड्रंटला चोवीस तास दाबाखाली असलेली जलवाहिनी लागते. आपल्याकडे बहुतेक शहरांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे रस्त्यावरचा हायड्रंट उरलेला सारा वेळ कोरडा असतो आणि आग लागली की टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत जुन्या काळी हायड्रंटचं मोठं जाळं बसवलं गेलं. त्यातले बरेचसे निकामी झाल्याची चर्चा मोठ्या आगीनंतर दर वेळी होते. अशा ठिकाणी हायड्रंट रंगवण्याच्या अमेरिकी मोहिमेची नक्कल केली, तर हाती फक्त रंगवलेलं लोखंड येईल. मात्र या उपक्रमाचं तत्त्व इथे नेमकं लागू पडतं, आणि ते सोसायटीच्या जिन्यात. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. तरीही दिवाळीपूर्वी जिन्यातल्या पाइपला लाल रंगाचा हात द्यायचा आणि पंप चालतो का ते पाहायचं नाही, ही सवय अनेक ठिकाणी आहे. होजच्या पेटीत होज आहे का, नोझल आहे का, टाकीत पाणी आहे का, हे रहिवाशांनी स्वतः पाहून नोंदवलं, तर आपल्याकडचा तो खरा ‘हायड्रंट दत्तक’ उपक्रम होईल.

तेव्हा निष्कर्ष असा. स्वयंसेवकांनी हायड्रंट रंगवावेत, जरूर रंगवावेत; पण चार अटींवर. आधी चाचणी, मग रंग. टोपाचा रंग यादीप्रमाणे, आवडीप्रमाणे नव्हे. प्रत्येक खांबामागे एक भरलेला तक्ता. आणि प्रत्येक तक्त्याला विभागाचं उत्तर. या अटी पाळणारा उपक्रम शहराला हजारो डोळे मिळवून देतो. न पाळणारा उपक्रम बंद केलेला बरा. आपल्याकडच्या वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या इमारतीतल्या लाल पाइपला पुढच्या वेळी रंग काढाल, तेव्हा आदल्या दिवशी पंप सुरू करून बघा, वरच्या मजल्यावरच्या तोटीतून पाणी येतं का ते तपासा, आणि येत नसेल तर रंगाचे पैसे आधी त्या दुरुस्तीला लावा.